खडे कोण धुणार?

फिश टँकच्या तळाशी निळे, गुलाबी आणि पोपटी खडे घालायचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक माणसाला ते खडे एकदा स्वतःच्या हाताने धुवायला लावले पाहिजेत. तेही मे महिन्यात, आमच्या धाराशिवात, नळाला पाणी येऊन चार दिवस झालेले असताना. त्यानंतर तो पुन्हा असा सल्ला देणार नाही, याची मी लेखी हमी देतो.

आता तुम्ही म्हणाल, आठवडाभर क्लायंटच्या शिव्या खाऊन शनिवारी सकाळी या माणसाला खड्यांचा एवढा राग का यावा? तर मंडळी, त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत मी जेवढे फिश टँक बघितले (मित्रांच्या फ्लॅटमधले, डेंटिस्टच्या वेटिंग रूममधले, हॉटेलच्या गल्ल्याशेजारचे) त्यातल्या बहुतेकांची कथा एकच आहे. कुणीतरी हौसेने टाकी आणतो. दुकानदार दोन-तीन पिशव्या रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचं झाड, तोंडातून बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या आणि आठ-दहा गोल्डफिश गळ्यात मारतो. पहिले पंधरा दिवस घरातले सगळे टाकीसमोर बसतात. मग पाणी गढूळ होतं. मग वास येतो. मग 'आज टाकी धुवायची' असा एक रविवार उगवतो. टाकी चकाचक होते, आणि बुधवारपर्यंत दोन मासे उलटे तरंगतात. सहा महिन्यांनी तीच टाकी गच्चीवर असते आणि तिच्यात जुनी वर्तमानपत्रं असतात.

लोक म्हणतात, 'आमच्या हाताला मासे लाभत नाहीत.' अहो, हाताचा काय संबंध? तुमच्या टाकीचा तळ चुकीचा आहे!

आमच्या धाराशिवच्या घरी दोन फुटी टाकी आली ती माझ्या धाकट्या भावाच्या हौसेने. (गावाचं नाव २०२३ साली सरकारदरबारी उस्मानाबादचं धाराशिव झालं, आमच्या आजीच्या तोंडी ते आधीपासूनच होतं.) दुकानदाराने खड्यांचा चांगला दोन इंची थर घालून दिला आणि वर मंत्रही दिला : 'महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून स्वच्छ धुवायचं.' चार महिन्यांनी भावाला हैदराबादला नोकरी लागली. मी पुण्यात. टाकी आईकडे. आता माझ्या आईचा माशांवर काही राग नाही, उलट ती त्यांना सकाळी 'उठलात का रे' म्हणून विचारते. पण एकदा फोनवर ती म्हणाली, "अरे, भांडी घासायला टँकरची वाट बघायची अन् दगड धुवायला पाणी कुठून आणू? दगड काय जेवले होते व्हय?"

या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते दुकानदाराच्या मंत्रात नाही. ते शोधायला गेलं तर आपल्या धंद्यातली एक जुनी गोष्ट हाताला लागते. ती अशी की साफसफाई सोपी असणं हा डिझाइनचा भाग असतो. जो बांधतो त्याने ते आधी ठरवायचं असतं. त्याने ठरवलं नाही, तर त्याची किंमत नंतर जो सांभाळतो तो भरतो. कोड लिहून दुसऱ्या प्रोजेक्टवर निघून गेलेल्या महाभागाला रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सपोर्ट करताना तुम्ही काय काय म्हणता ते आठवा. आमच्या घरात तो महाभाग माझा भाऊ होता आणि सपोर्टला आई होती.

आधी जरा हिशेब करू. इंजिनिअर माणूस, आकडे मांडल्याशिवाय जेवण जात नाही.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. भरते साधारण ५४ लिटर, पण वरची मोकळी जागा आणि खडे वजा केले तर पाणी ४०-४२ लिटर धरा. तळाला ५ सेंटिमीटर खडे म्हणजे ९ लिटर खडे, वजनाने तेरा-चौदा किलो. आता सगळं उपसून धुवायचं तर ४० लिटर पाणी मोरीत जाणार. खडे बादलीत घेऊन खळखळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे तर १५ लिटरच्या चार बादल्या कुठे गेल्या नाहीत. झाले १०० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेला निकष आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे चार रुपयांच्या खड्यांना एका आंघोळीत जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी! शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात पाणी भरून ठेवायला घरातलं एकही भांडं मोकळं नसायचं. त्या भागात राहून मी कुणाला दरमहा १०० लिटर पाण्याने दगड धुवायला सांगणार नाही. तेरा-चौदा किलो ओले खडे वाकून उचलायला तर साठीच्या बाईला अजिबातच नाही.

बरं, एवढं करून मासे तरी जगतात का? तर तेही नाही, आणि इथेच या मंत्रातली खरी गंमत आहे.

मासे अमोनिया सोडतात, कल्ल्यांतून आणि विष्ठेतून. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच. अमोनिया माशांना विष. हे विष संपवणारे जिवाणू टाकीत आपोआप वस्तीला येतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. (हे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू २०१५ साली सापडले, आणि ते शोधणाऱ्या दोन गटांपैकी एकाला ते मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये मिळाले.) नायट्रेट बऱ्याच प्रमाणात असलं तरी मासे सहन करतात. आता लक्षात घ्या, हे जिवाणू पाण्यात पोहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात : फिल्टरचा स्पंज, काच आणि तळ. शिवाय ते वाढतात अतिशय हळू. पोट बिघडवणारे जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्यामुळे नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

चार ते सहा आठवडे. आणि दुकानदाराचा मंत्र काय? महिन्यातून एकदा सगळं धुवा!

म्हणजे वस्ती बसत आली, की क्लोरिनच्या पाण्याने सगळी वस्ती खलास. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बसत आली, पुन्हा खलास. अशी टाकी वर्षभर चालवली तरी ती कायम नवीनच राहते. पूर्वी कॉम्प्युटर जरा हळू झाला की शेजारचा पोरगा यायचा आणि म्हणायचा, 'काका, फॉरमॅट मारून टाकू.' दर महिन्याला टाकी धुणं म्हणजे दर महिन्याला फॉरमॅट मारणं. मशीन दोन दिवस चकाचक दिसतं, पण आतलं सगळं कामाचं सामान गेलेलं असतं.

आमच्याकडे तर हे आणखी भोवतं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. अमोनियाचा जो प्रकार माशांना जास्त विषारी असतो, त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्का त्या रूपात असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. साधारण दहापट! त्यात उन्हाळा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. तळातली घाण कुजताना त्यातलाच प्राणवायू खाते. मध्येच वीज गेली आणि पंप बंद पडला, की संपलंच. धुतलेल्या टाकीत बुधवारी मासे का मरतात याचं उत्तर हे आहे. हाताला लाभण्याचा यात काहीही भाग नाही.

'मग काय, धुवायचंच नाही?' हो. तळ धुवायचा नाही. तळ असा घालायचा की धुवायची वेळच येऊ नये.

त्यासाठी घाण नेमकी जाते कुठे ते बघा. सुपारीएवढे, अगदी हरभऱ्याएवढे खडे घेतले तरी त्यांच्यामध्ये ४० टक्के पोकळी असते. आपल्या ९ लिटर खड्यांत साडेतीन लिटरच्या वर नुसत्या फटी! माशाच्या तोंडून सुटलेला दाणा त्या फटीतून खाली जातो. मासा तिथे पोचत नाही, पाण्याचा प्रवाह पोचत नाही, तुमची नजरही पोचत नाही. दाणा तिथे बसून कुजतो. वरून खडे गुलाबी दिसतात आणि खाली गटार. जुन्या काळी यावर उपाय म्हणून खड्यांखाली जाळीची प्लेट टाकून हवेच्या पंपाने पाणी खड्यांतून खाली ओढायचे. कल्पना वाईट नव्हती, पण कचरा त्या प्लेटखाली साठायचा आणि तो काढायला अख्खी टाकी उपसावी लागायची. म्हणजे केर सतरंजीखाली लोटायचा आणि वर सतरंजी खिळ्यांनी ठोकायची!

आता बारीक वाळू घ्या. दाणा एक-दोन मिलिमीटरचा. फटी इतक्या बारीक की घाण आत जातच नाही, वर पडून राहते. दिसते. आणि जी दिसते ती काढता येते. सगळी गोष्ट एवढ्यावर येऊन थांबते. मला तर वाटतं, सॉफ्टवेअर असो नाहीतर फिश टँक, चांगल्या डिझाइनची पहिली खूण हीच की घाण लपायला जागा नसते.

थरही दोन इंचांचा नको. दीड-दोन सेंटिमीटर पुष्कळ झाला. आमच्या टाकीला २ सेंटिमीटर म्हणजे ३.६ लिटर वाळू, पाच-साडेपाच किलो. वाळूचा जाड थर मात्र घालू नका. खोल थरात प्राणवायू पोचत नाही, घाण आत गाडली गेली की तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. पातळ थरात ती भानगड सहसा होत नाही.

'पण जिवाणूंना राहायला खडे लागतात ना?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मला पकडल्याचा आनंद असतो. गोल दाणे धरून गणित करा : ८ मिलिमीटरच्या ९ लिटर खड्यांचा एकूण पृष्ठभाग येतो सुमारे ४ चौरस मीटर. दीड मिलिमीटरच्या ३.६ लिटर वाळूचा येतो साडेआठ. निम्म्याहून कमी माल, दुप्पट जागा! अर्थात ही सगळी जागा वापरात येत नाही, खालच्या दाण्यांपर्यंत प्राणवायू कमी पोचतो. पण तसा तो खड्यांच्या खालच्या थरातही पोचत नाही. आणि खरं सांगायचं तर जिवाणूंचं मुख्य घर फिल्टरचा स्पंज आहे, कारण तिथून पाणी सतत वाहतं. एक बरा स्पंज फिल्टर असेल तर तळाला काहीच न घालताही टाकी उत्तम चालते. माशांची पैदास करणारे लोक टाक्यांना उघडा काचेचा तळ ठेवतात तो काय त्यांना खडे परवडत नाहीत म्हणून?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. सगळं आमच्या घरी चालू आहे, हवेतल्या गप्पा नाहीत.

एक. वाळू कुठली? नदीची, गोल दाण्याची, बांधकामातून उरलेली पाच-सहा किलो पुरते. किंवा दुकानातली, बिनरंगाची. क्रश सँड शक्यतो नको, तिच्या दाण्यांना धार असते आणि तळ उकरून खाणाऱ्या माशांच्या मिशा, तोंडं सोलवटतात. चाळणीने चाळा, मोठे खडे काढा. मग चमचाभर वाळूवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी किंवा शंखांचा चुरा आहे, आणि आपल्या भागातल्या नद्यांच्या वाळूत तो असतोच बऱ्याचदा. आपलं पाणी आधीच जड, त्यात ही भर कशाला? संगमरवराचे पांढरे तुकडे विकतात, त्यांनाही हीच परीक्षा लावा, फेस बघून थक्क व्हाल. काळ्या पाषाणाचे गोटे मात्र बिनधास्त वापरा, ते पाण्यात काही सोडत नाहीत.

दोन. वाळू एकदाच, सुरुवातीला धुवायची. ते पाणी झाडांना. त्यानंतर ती कधीच बाहेर काढायची नाही.

तीन. तळ सपाट नको. मागे थोडी जास्त, पुढे कमी, असा उतार द्या. फिल्टरचं तोंड असं ठेवा की पाणी मागून येऊन पुढच्या एका कोपऱ्याकडे वाहील. अंगणाला उतार देऊन पाणी मोरीकडे काढतात, तसंच. आठवड्याभराचा कचरा त्या एका कोपऱ्यात गोळा होतो. फिल्टर वाळू ओढणार नाही इतपत वर बसवा.

चार. किल्ला, पाणबुडी, खजिन्याची पेटी, सगळं बाहेर. प्रत्येक वस्तूखाली एक छोटी कचराकुंडी असते. एक मोठा दगड आणि दोन कुंड्या ठेवा. झाडं हवीत ना? व्हॅलिसनेरिया छोट्या मातीच्या कुंडीत लावा, जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधा, त्यांना माती लागतच नाही. कुंडी उचलली, खालचं साफ केलं, परत ठेवली. सुटे भाग, मंडळी, सुटे भाग!

पाच. सायफनची नळी. मऊ प्लॅस्टिकची नळी घ्या, बादली खाली ठेवा, वाळूच्या बोटभर वरून नळी फिरवा. घाण हलकी, ती वर ओढली जाते, वाळू जागेवर राहते. ज्यांना खड्यांचा सोस सुटतच नाही त्यांनी नळीच्या टोकाला पाण्याची बाटली बूड कापून बसवावी. नळी १२ मिलिमीटरची आणि बाटलीचं तोंड ४८ मिलिमीटरचं असेल तर क्षेत्रफळ सोळा पट, म्हणजे बाटलीत पाण्याचा वेग सोळावा हिस्सा. तेवढ्या वेगाने खडा वर चढत नाही, घाण चढते. दहा रुपयांचं फिजिक्स.

सहा. आठवड्याला ९-१० लिटर पाणी काढायचं, तेवढंच नवीन घालायचं. नवीन पाणी आदल्या दिवशी पसरट भांड्यात भरून ठेवलं की बराचसा क्लोरिन उडून जातो, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात. स्पंज धुवायचा तो याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळून. नळाखाली कधीही नाही, नाहीतर पुन्हा फॉरमॅट.

एकूण वेळ पंधरा मिनिटं. महिन्याला पाणी ३६ ते ४० लिटर, आणि त्यातला थेंबही मोरीत जात नाही. कारण त्या पाण्यात नायट्रेट आहे, आणि नायट्रेट म्हणजे खत. आमच्या कढीपत्त्याला एरवी हंडाभर पाणी द्यावंच लागायचं, आता ते माशांकडून येतं. आईचा हिशेब असा की माशांना पाणी लागतच नाही, ते फक्त झाडाच्या वाटेवर मध्ये थांबतं.

आता एक शत्रू राहिला. 'सकर टाका, तो तळ साफ करतो.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. सकर काचेवरचं शेवाळ थोडंफार खातो, हे खरं. पण तो दुसऱ्यांची विष्ठा खात नाही, आणि स्वतः मात्र एवढी करतो की बघत राहावं. दुकानात तो बोटाएवढा असतो, पोसला की फूट-दीड फूट होतो. सफाईला माणूस ठेवावा आणि त्यानेच घरभर पसारा करावा, तसला प्रकार. मग टाकीत मावेना झाला की लोक 'जीव वाचवला' म्हणून त्याला तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत घुसलेला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो आहे. तुमच्या दोन फुटांच्या टाकीची सफाई टळावी म्हणून तलावाचा बळी! तळाची वाळू हलती ठेवायला कुणी हवंच असेल तर निमुळत्या शंखाच्या बारक्या गोगलगायी असतात, ट्रम्पेट स्नेल म्हणतात त्यांना. दिवसा वाळूत, रात्री वर. त्यांची संख्या मात्र खाण्यावर अवलंबून. टाकीत त्या हजारोंनी झाल्या तर समजा की तुम्ही माशांना जास्त खायला घालताय. आणि त्याही बाहेर सोडायच्या नाहीत.

काही जण म्हणतील, हौसेला मोल नसतं, घरात रंग हवा, पोरांना गुलाबी खडे आवडतात. मान्य. पण हौस ज्याची त्यानेच निगाही राखावी, एवढी अट घाला. आपल्याकडे हौस करतो मुलगा आणि धुते आई, नाहीतर धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्यांना कुणी विचारलेलं असतं का, की खडे कुठले घेऊ? पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतल्या रिसेप्शनमध्ये असतात त्या टाक्यांना महिन्याचा पगार देऊन माणूस लावलेला असतो. त्या बघून घरी तशीच टाकी मांडायची, आणि तो माणूस मात्र विसरायचा! आणि रंगाचंच म्हणाल, तर काळ्या-करड्या वाळूवर लाल-केशरी मासा जेवढा उठून दिसतो तेवढा गुलाबी खड्यांवर दिसत नाही. लग्नात नवरीपेक्षा मांडव भडक असावा का?

खरं तर धाराशिवच्या माणसाला गाळ म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. तलावाच्या तळाला गाळ साचला की पाणी कमी मावतं, हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. आणि तोच गाळ शेतात पसरला की माळरान पिकतं, हे त्याचा आजा सांगेल. दुष्काळात तलाव कोरडे पडले की ट्रॅक्टर लावून गाळ उचलायचा ही इथली जुनी रीत. २०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली तिच्या नावातच सगळं शहाणपण आलं : जे तळात नको ते मातीत हवं. पण त्यातलाही धडा तोच आहे. गाळ वर्षानुवर्षं साचू द्यायचा आणि मग एका उन्हाळ्यात यंत्रं लावून उपसायचा, हे महागाचं काम. तो वरच अडला, थोडा थोडा निघत राहिला, तर तलावही राहतो आणि शेतही. चौपन्न लिटरच्या टाकीला वेगळा नियम कशाला असेल?

तेव्हा टाकी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला 'हे किती छान दिसतं' असं म्हणायच्या आधी एकच प्रश्न विचारा : हे साफ कसं करायचं? त्याचं उत्तर 'सगळं बाहेर काढून' असं सुरू झालं, तर खड्यांच्या पिशव्या तिथेच ठेवा आणि बाहेर पडा. वाटेत कुठे घराचं बांधकाम चालू असेल, तर मालकाला विचारून घमेलंभर वाळू मागा. लोक देतात. नाही दिली, तर उघड्या काचेवर मासे ठेवा, खालून काळा कागद चिकटवा. मासे तक्रार करणार नाहीत, त्यांनी गुलाबी खडे कधी मागितलेच नव्हते.

असो. चहा गार झाला. घरात टाकी असेल तर आज शनिवार आहे, दहा लिटर पाणी काढा आणि कढीपत्त्याला घाला. स्वतः घाला, आईला सांगू नका.